मोहगावच्या अंगणातला पटर

नागपूरहून निघून सावनेर मागे टाकले, की रस्ता मध्य प्रदेशात कधी शिरतो ते पाट्यांवरूनच कळते. पाट्या हिंदी, बोलणे मराठी. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मधूनच कपाशी. आमच्या लहानपणी नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन होती, ती 2015 साली बंद झाली आणि आता तिथून मोठी गाडी धावते. 2023पर्यंत आमचा जिल्हा छिंदवाडा होता, आता पांढुर्णा आहे. पांढुर्ण्याचे नाव घेतले की लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरची गोटमार आठवते. सौंसर तालुक्यातल्या आमच्या मोहगावला मात्र लोक येतात ते अर्धनारीश्वराच्या दर्शनाला, महाशिवरात्रीला तर फारच. बॅगेत गोल्फच्या तीन काठ्या घेऊन या गावात उतरणारा मीच पहिला असेन.

या तीन काठ्या म्हणजे पटर. गोल्फमध्ये खेळाडूला चौदापर्यंत काठ्या बाळगता येतात. त्यांतली चेंडू उडवायची नव्हे, तर खड्ड्याजवळच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर तो घरंगळत न्यायची काठी ती पटर. ताकद लागत नाही, धावावे लागत नाही. बाबांसाठी मी हाच खेळ धरला तो त्यामुळे.

बाबा चार वर्षांपूर्वी आमच्याकडे आले होते, तेव्हा आम्ही त्यांना स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजला नेले. तिथे समुद्राजवळ ‘हिमालय’ नावाचे मैदान आहे. 1867 साली तिथल्या बायकांनी स्वतःचा पटिंग क्लब काढला. स्त्रियांनी काठी खांद्याच्या वर उचलून फटका मारणे त्या काळी शोभत नसे, म्हणून त्यांच्या वाट्याला हा घरंगळता खेळ आला. आज थोडे पैसे भरून तिथे कुणीही खेळू शकते. पटर आणि चेंडू तिथेच मिळतो. सगळी जमीन उंचसखल, म्हणून नाव हिमालय. बाबांनी अठराही खड्डे खेळले आणि परतीच्या वाटेवर म्हणाले, “आपल्या विटी-दांडूचा हा म्हातारपणचा भाऊ होय.”

त्यानंतर दीड वर्षाने कंपवाताचे निदान झाले. उजवा हात थरथरू लागला. चहा बशीत सांडतो म्हणून बाबांनी आधी चौकातल्या हॉटेलात बसणे सोडले, मग देवळाच्या पारावर जाणेही. “तिकडे येऊन राहा” म्हटले तर उत्तर ठरलेले, “तिथं मले कोन ओळखते?” आईचा फोनवरचा आवाज दर आठवड्याला बारीक होत चालला होता. डॉक्टर म्हणत होते, हालचाल सोडू देऊ नका.

आपल्या मंडळातल्या गोल्फ खेळणाऱ्या दोघांनी आपापले जुने पटर दिले, एक मी विकत घेतला. विमानात ही वस्तू हातात नेऊ देत नाहीत, म्हणून तिन्ही मोठ्या बॅगेत, आईसाठी घेतलेल्या शालींत गुंडाळून आणले. एक सडपातळ पात्याचा. दुसऱ्याचे डोके अर्धचंद्रासारखे, मध्यम. तिसऱ्याचे थोराड, मागे दोन पंख फुटलेले. दुसरा आणि तिसरा ‘मॅलेट’ जातीचे. मॅलेट म्हणजे आपली मोगरी. आईने तिसरा पाहून लगेच विचारले, “यानं कपडे धुतेत का?”

मोगरीच का, ते सांगतो. पटरचे वजन पात्याच्या मध्यावर गोळा झालेले असेल आणि चेंडू जरा बाजूला लागला, तर पाते हातात वळते. चेंडू वाकडा जातो, शिवाय कमी जातो. तेच वजन कडांना आणि मागे नेले, की डोके सहजी वळत नाही. दोरीवर चालणारा डोंबारी हातात लांब बांबू का धरतो, ते आठवा. थरथरत्या हाताचा फटका दर वेळी मध्यावर बसणार नाही हे उघड आहे, तेव्हा चूक पोटात घालणारे हत्यार हवे.

या आकारावरून भांडणेही झाली आहेत. 1904 साली वॉल्टर ट्रॅव्हिस नावाच्या अमेरिकी खेळाडूने असलाच एक मोगरीवजा, मध्यावर दांडा बसवलेला पटर उसना घेऊन इंग्लंडात ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. पुढे 1910 साली तिथल्या नियमकर्त्यांनी तसल्या पटरवर बंदीच घातली. ती उठायला चार दशके लागली. आता उलटे आहे. 2024च्या मार्चमध्ये स्कॉटी शेफलरने पाते सोडून मोगरी धरली आणि त्याच आठवड्यात स्पर्धा जिंकली.

आमची पारख अंगणात झाली. परीक्षक शेजारचे वाढई काका. (सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात.) त्यांनी काही न विचारता पटरचा दांडा बोटावर आडवा तोलला, वाकसाचा दांडा पाहावा तसा. दुकानातला माणूसही हेच करतो. बोटावर तोलल्यावर पटरचा चेहरा आभाळाकडे राहिला, तर तो सरळ मागे-सरळ पुढे नेणाऱ्याला सोयीचा. टोक खाली झुकले, तर काठी कमानीत फिरवणाऱ्याला. थोराड मोगरीने आभाळ पाहिले, पाते झुकले, अर्धचंद्र जवळजवळ आभाळाकडेच. बाबांचे मनगट कामाचे नाही, त्यांना खांद्यापासून दोन्ही हात लंबकासारखे हलवायचे होते. पाते तिथेच बाद व्हायला हवे होते, पण बाबांना तेच आवडले. “हे दांडूसारखं दिसते,” म्हणाले.

मग रांगोळीने रेघ आखली. आईने सकाळीच अंगण सारवले होते. वाळलेल्या सारवणावर चेंडू हिरवळीपेक्षा जोरात पळतो. हिरवळीचा वेग मोजायला एडवर्ड स्टिम्पसन यांनी 1935 साली एक पन्हळ तयार केली, तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि तो किती फूट गेला ते मोजायचे. वाढई काकांनी बांबू उभा चिरून तशीच पन्हळ करून दिली आणि आम्ही अंगणातली सर्वांत सपाट पट्टी शोधून काढली. कोपऱ्यात विटी-दांडूसाठी खणतो तशी गल खणली, तोंड 108 मिलिमीटर, नियमाप्रमाणे. आई यावर दोन दिवस बोलली नाही.

प्रत्येक पटरने चेंडू आधी मध्यावर मारायचा, मग मुद्दाम टोकाकडे, मग टाचेकडे, आणि तिन्ही कुठे थांबतात ते पाहायचे. नवा पटर घेणाऱ्या कुणालाही मी हीच चाचणी सांगेन, किमतीची चिठ्ठी नंतर बघा. पात्याचा टोकावरचा चेंडू दोन पावले आधीच थांबला. अर्धचंद्राचा साधारण पाऊलभर आधी. थोराड मोगरीचा फक्त वीतभर.

म्हणजे निकाल लागला असे मला वाटत होते. बाबांनी थोराड मोगरी धरली, खाली पाहिले आणि थांबून राहिले. तिच्या पाठीवर नेम धरायला लांब पांढऱ्या रेघा होत्या. हात थरथरला की त्या रेघा थरथरत, आणि बाबांना चेंडू सोडून तेवढेच दिसे. तीनदा मारून त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली. “इच्यात माहा हातच दिसते,” म्हणाले. कुठल्याही माहितीपत्रकात ही ओळ सापडणार नाही.

अर्धचंद्रावर एकच आखूड रेघ होती. तो त्यांनी धरला तो सोडला नाही. कंपवाताचा हात रिकामा असताना जास्त हलतो, कामाला लागला की पुष्कळदा कमी. बाबांचेही तसेच झाले, दर वेळी नाही, पण झाले.

लांबी मात्र जुळत नव्हती. पटर 35 इंची, बाबा पाच फूट तीन इंच. हात मोकळे सोडून वाकले, की डोळे साधारण चेंडूच्या वर यायला हवेत. त्यांना 33 इंच पुरत होते. काका करवत घेऊन तयारच होते. आधी मूठ काढायची, मग दांडा वरून कापायचा. पण दांडा आखूड झाला की डोके हलके वाटू लागते, म्हणून काकांनी डोक्याच्या तळाला शिशाची पट्टी चिकटवली. मूठ मी जाड बसवली, बोटांना आवळावे लागत नाही अशी.

उरलेले दोन पटर मी परत आणले, ज्यांचे त्यांना पोचले. अर्धचंद्र मोहगावात आहे. संध्याकाळी वाढई काका येतात, शाळेतली चार पोरे येतात, पाच चेंडूंचा डाव होतो. हरणाऱ्याने चहा आणायचा असतो आणि तो अंगणातच पितात, बशीत सांडला तर सांडला. परवा फोनवर बाबांनी चेंडू मागवले, दोन संत्र्याच्या बागेत हरवलेत म्हणे. आईने फोन घेऊन सांगितले की गल आता नीट सिमेंटने बांधून घेतली आहे, सारवताना बुजते म्हणून.