न बोलणारं दार

वायरगार्ड, म्हणजे दोन यंत्रांमध्ये बंद टनेल बांधणारं सॉफ्टवेअर, अनोळखी माणसाला उत्तर देत नाही. 'परवानगी नाही' एवढंसुद्धा म्हणत नाही. किल्ली जुळली नाही तर आलेलं पॅकेट टाकून देतं आणि गप्प बसतं. बाहेरून पोर्ट चाळत फिरणाऱ्याला ५१८२० वर काही आहे की नाही, याचाच पत्ता लागत नाही. घरच्या नॅसपर्यंत, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यापर्यंत, बाहेरून पोचायची वाट मी याच गप्पपणाच्या भरवशावर बांधत आलो, आणि या कामात मला सर्वांत जास्त छळलं तेही यानेच. कारण ते मालकालाही काही सांगत नाही. स्टुडिओवाला पुण्याच्या मंगल कार्यालयातून फोन करतो, 'दादा, फोल्डर उघडेना.' लाइट गेली असेल. केबलवाल्याची फायबर तुटली असेल. पत्ता बदलला असेल. रातोरात सगळ्या गल्लीला एकाच सामायिक पत्त्यामागे, म्हणजे नॅटमागे, टाकलं असेल. किल्लीत एक अक्षर इकडचं तिकडे झालं असेल. बाहेरून पाहिलं तर हे सगळं सारखंच दिसतं. काहीच येत नाही.

पासवर्ड चुकला तर सांगणारी, आवृत्तीचा आकडा दाखवणारी, लॉगिनचं सुंदर पान समोर ठेवणारी दारं जगाला सोयीची वाटतात. मला त्यांची भीती वाटते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सिनोलॉजीच्या नॅसवर सिनोलॉकर आला. २०२२ च्या जानेवारीत क्यूनॅपवर डेडबोल्ट आला. लॉगिनच्या पानावरच खंडणीची चिठ्ठी, मागणी ०.०३ बिटकॉइन. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या माय बुक लाइव्ह डिस्क लोकांच्या घरात बसल्याबसल्या दूरवरून पुसल्या गेल्या. या सगळ्यांत डिस्क थेट इंटरनेटला दिसत होती, विचारणाऱ्याला उत्तर देत होती. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र घेतलं की काम पक्कं झालं, असं समजणारेही पुष्कळ आहेत. ते प्रमाणपत्र निघताक्षणी तुमच्या यंत्राचं नाव सार्वजनिक नोंदीत जातं, आणि त्या नोंदी वाचत बसलेले लोक तासाभरात दार वाजवायला येतात. प्रमाणपत्र वाईट नाही. पण तुम्ही आत आहात, हे ते सगळ्यांना सांगतं.

सांगलीत हे काम वाढलं ते २०१९ च्या ऑगस्टनंतर. त्याआधी लोक मला आरसा-डिस्क बसवायला बोलवायचे, म्हणजे दोन डिस्कवर एकच माल. कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या दोन्ही डिस्क एकत्रच पाण्याखाली गेल्या. वर्षानुवर्षांच्या लग्नांचे फोटो, एका वकिलांचे दस्त, एका घरातल्या आजीच्या आवाजातलं ओव्यांचं रेकॉर्डिंग. नंतर ज्याला त्याला दुसरी नक्कल दुसऱ्या गावात हवी झाली. कुणाची लेक पुण्यात, कुणाचा मेव्हणा विट्यात. दोन घरांमध्ये टनेल, रात्री दोन वाजता एसएसएचवरून आरसिंक. तोवर परगावाहून फाइल उघडता येणं ही हौस होती. पुरानंतर ती गरज झाली.

याच सुमारास कॅमेरेवाले या धंद्यात आले. त्यांच्याबद्दल मी नरम बोलणार नाही. डीव्हीआर बसवायचा, राउटरमध्ये पोर्ट उघडायचं, पासवर्ड कारखान्यातला तसाच ठेवायचा आणि मालकाच्या मोबाइलवर गेटचं चित्र दाखवून पैसे घ्यायचे, ही त्यांची पद्धत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने जगभरातले असेच डीव्हीआर आणि कॅमेरे कारखान्याच्या पासवर्डनी उघडले आणि त्यांची फौज करून ऑक्टोबरमध्ये डाइन या डीएनएस कंपनीवर सोडली. अमेरिकेत कितीतरी मोठ्या साइट काही तास बंद होत्या. आता तेच हात नॅस बसवतात. कॅमेऱ्याला केलं तसं नॅसला करतात. राउटरमध्ये डीएमझेड चालू, यूपीएनपी चालू, पाच हजार नंबरचं पोर्ट सताड उघडं. गिऱ्हाइकाला ते आवडतं, कारण लगेच चालतं. माझं काम लगेच चालत नाही. त्यावरून गिऱ्हाईक तुटलेलंही मी पाहिलं आहे, आणि तरी मी पोर्ट उघडलेलं नाही.

आता ज्या एका अडचणीने मला वर्षानुवर्षं झोप लागू दिली नाही, तिच्याकडे येतो.

आपल्याकडच्या केबलवाल्यांच्या बहुतेक जोडण्या आता सीजीनॅटमागे असतात. राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की समजायचं, हा पत्ता तुमचा एकट्याचा नाही. २०१२ साली तो पट्टा याच कामासाठी राखून ठेवला गेला. बाहेरून आत यायची सोयच नाही. मग घरातल्या यंत्राने बाहेर पडून मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या छोट्या भाड्याच्या यंत्राला हाक मारायची, आणि फोनवाल्यानेही तिथेच यायचं. इथवर सगळे येतात. खरी गोम यापुढे आहे. हाक मारणारं आता घरातलं यंत्र आहे, आणि त्याच्या हाकेत वेळेचा शिक्का असतो. समोरचं टोक मागच्या हाकेचा शिक्का लक्षात ठेवतं. नवीन शिक्का त्याहून जुना निघाला तर ते पॅकेट टाकून देतं, अर्थात गुपचूप.

घरातलं यंत्र बहुधा रास्पबेरी पाय असतं. चौथ्या पिढीपर्यंतच्या पायला स्वतःचं घड्याळ नाही. लाइट जाऊन आली की तो मागे कधीतरी लिहून ठेवलेली वेळ धरून उठतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने अजून मघाचीच वेळ चालू आहे. मुंबईला वाटतं, कुणीतरी जुनं पॅकेट साठवून आता वाजवतो आहे. ती शंका रास्त आहे. तोच तर त्या नियमाचा हेतू. एनटीपीवरून घड्याळ मिनिटभरात सुधारतं आणि सगळं सुरळीत होतं, म्हणून पुष्कळांना हा दोष कधी दिसतच नाही. पण ज्या घरात नावं सोडवायचं, म्हणजे डीएनएसचं, कामही टनेलच्या पलीकडच्या यंत्राकडे दिलेलं असतं, तिथे गाठ बसते. घड्याळ लावायला वेळेच्या सर्व्हरचं नाव सोडवावं लागतं, नाव सोडवायला टनेल लागतो, आणि टनेलला घड्याळ बरोबर लागतं. तिघं एकमेकांकडे पाहत बसतात.

हे मला पहिल्यांदा उमगलं ते एका स्टुडिओत. महावितरणची लाइट संध्याकाळभर गेली होती. परत आली, राउटर उठला, नॅस उठलं, घरात सगळं चालू, आणि बाहेरून काही नाही. मुंबईच्या टोकाला टीसीपीडंप लावून बसलो. दर पाच सेकंदांनी हाकेचं १४८ बाइटचं पॅकेट येत होतं. त्याला ९२ बाइटचं उत्तर जायला हवं. जात नव्हतं. किल्ल्या अक्षर-अक्षर तपासल्या. कर्नेलचा डीबग लॉग उघडला, तर 'अवैध हँडशेक' एवढीच ओळ. चुकीची किल्लीही तशीच दिसते आणि शिळा शिक्काही तसाच. मुंबईत तो पीअर, म्हणजे घरच्या यंत्राची नोंद, काढून पुन्हा घातला की चटकन चालू होतं, कारण आठवण पुसली जाते. बहुतेक जण इथेच हात झटकून घरी जातात. मी गेलो नाही. पुढची लाइट जाईपर्यंतच ती दुरुस्ती, हे मला दिसत होतं.

तेव्हापासून घड्याळाचा नाद लागला. डीएस ३२३१ या घड्याळाची छोटी पाटी, वर सीआर २०३२ चा गोल सेल. वेळेच्या सर्व्हरचा पत्ता नावाने नव्हे, आकड्याने. जुनं नॅस स्वतःच टनेलचं टोक असेल तर त्याच्या बोर्डावरचा सेल आधी पाहायचा; पाच-सहा वर्षांत तो बसलेला असतो. पाचव्या पायमध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते, आणि ती कुणी घेत नाही. इतर दोष मला त्रास देत नाहीत. टनेल जुळतो, फोल्डरची नावं दिसतात आणि मोठा फोटो अडकतो, तेव्हा एमटीयू १४२० वरून खाली आणायचा, संपलं. दोन्ही घरांत १९२.१६८.१ चाच पट्टा असेल तर एकाचा बदलायचा, संपलं. ते दोष बोलतात. घड्याळाचा बोलत नाही.

गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि मला पडद्यापासून दूर राहायला सांगितलं. त्या दिवसांत माझ्या मित्राची मुलगी घरोघर जायची. डिप्लोमा झालेली, हात हलका, आणि माझ्यापेक्षा शांत. मी फोनवरून सांगायचो, ती करायची. एके दिवशी ती म्हणाली, "काका, हे मुंबईचं मशीन कशाला ठेवलंय?" मी सीजीनॅट समजावू लागलो. "ते माहितीये हो," ती म्हणाली. "पण टनेल तिथं उघडतो ना? म्हणजे घरातून आलेलं पॅकेट तिथं मोकळं होतं आणि पुन्हा बंद होऊन फोनकडे जातं. एसएमबीनं फोल्डर उघडलं तर फोटो त्या मशीनला दिसतात."

मी म्हणालो, ते मशीन माझं आहे.

"भाड्याचं आहे," ती म्हणाली.

तिने तिच्या मावशीच्या घरी टेलस्केल लावलं होतं. आत तेच वायरगार्ड. दोन्ही यंत्रं नॅटला भोक पाडून एकमेकांना थेट भेटतात. नाहीच जमलं तर मधला रिले पॅकेट पुढे ढकलतो, पण किल्ल्या यंत्रांतच राहत असल्यामुळे त्याला आतलं काही दिसत नाही. त्याने यंत्राला दिलेला पत्ता पाहिला तर तोही १००.६४ च्याच पट्ट्यातला. ज्या पट्ट्याशी मी इतकी वर्षं झगडलो, त्याच पट्ट्यात ती आरामात घर करून होती. आणि ते बोलतं. यंत्र कोणतं, शेवटचं कधी दिसलं, थेट जोडलंय की रिलेवरून, सगळं एका ओळीत.

मी लगेच मान्य केलं नाही. कोणतं यंत्र आपलं आणि कोणतं परकं, ही यादी तिथे परक्या सर्व्हरवर असते. त्याने मनात आणलं तर एखादी जास्तीची किल्ली यादीत घुसवू शकतो. लॉगिन गूगलच्या खात्यावरून. खातं बंद पडलं तर घर बंद. तिने टेलनेट लॉक दाखवलं: नवीन यंत्राला आपल्याच यंत्राची सही लागते, सर्व्हरची चालत नाही. हेडस्केल दाखवलं: यादी ठेवणारा सर्व्हरही आपलाच. माझ्या प्रत्येक हरकतीला तिच्याकडे काम होतं, वाद नव्हता.

मला लागलं ते दुसरंच. मी ज्या गप्पपणाचं इतकं कौतुक करत होतो, तो वाचता येणारा गावात मी एकटा होतो, आणि ते मला हवं होतं. लाइट गेली की लोक मला फोन करायचे. एकशे अठ्ठेचाळीस आणि ब्याण्णव हे आकडे मी अशा काही स्वरात उच्चारायचो की समोरचा आदराने ऐकायचा. दुसऱ्याला कळेल असं काही लिहून ठेवायची मला कधी निकड वाटली नाही. सुरक्षिततेसाठी, असं मी म्हणायचो, आणि त्यात तथ्यही होतं. खाजगी किल्ल्या वहीत लिहू नयेत. पण यंत्रांची नावं, पत्ते, सेल कधी बदलला, मुंबईच्या भाड्याची तारीख, यात गुपित काय होतं? मी अंथरुणावर असताना दोन घरांची दारं बंद राहिली, तेव्हा हे ध्यानात आलं. त्या दोन्ही घरी मला फार मान होता.

आता घरटी एक कागद असतो. सीजीनॅटमागच्या घरांत मित्राची मुलगी टेलस्केल लावते, टेलनेट लॉक चालू करूनच, आणि यादीवर सही करणारी यंत्रं दोन. एक घरात, एक नात्यातल्या कुणाकडे. ज्यांना स्वतःचा पत्ता मिळतो तिथे मी अजूनही हाताने वायरगार्ड बांधतो. तिथे मधे कुणी नसतं आणि मला ते आवडतं.

एका गोष्टीवर आमचं बराच काळ जमेना. तिला घरातल्या यंत्राने रोज सकाळी मालकाच्या फोनवर दोन ओळी धाडायला हव्या होत्या: शेवटचा हँडशेक कधी, घड्याळ किती पुढे-मागे, डिस्कचं तापमान, रात्रीची नक्कल झाली की नाही. मी म्हणायचो, बोलणारं यंत्र म्हणजे उघडं यंत्र. ती म्हणाली, "काका, आतून बाहेर बोलल्यानं दार उघडत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं आहे. बाहेरच्याला गप्प आणि घरच्याला बोलकं, असं करता येतं. मी तसा विचारच केला नव्हता, इतका मी त्या गप्पपणाचा झालो होतो.

गावभागातल्या स्टुडिओवाल्याचा परवा सकाळी फोन आला. "दादा, आज मेसेज आला नाही. कालच्यात घड्याळ एकोणीस मिनिटं मागं दाखवत होतं. सेल बघायचा का मी?" कुठला सेल, कुठे मिळेल, कुठल्या बाजूने बसवायचा, सगळं कागदावर होतं. त्याने बसवला. दहा वाजता मेसेज आला. मी जायला निघालोच होतो, चपला घातल्या होत्या. तसाच दुसऱ्या घरी गेलो, तिथला आयपीव्ही सिक्सचा पत्ता लाइट गेली की बदलतो आणि त्याचं कारण आम्हा दोघांनाही अजून सापडलेलं नाही.