आमची सापशिडी

निवृत्त माणसाला घरात दोनच उद्योग मोकळे असतात : वर्तमानपत्र वाचणे आणि घरातल्यांना सुधारणे. पहिला सकाळी नवाच्या आत संपतो. म्हणून उरलेला दिवस मी दुसऱ्याला देतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नात पुण्याहून आमच्याकडे नेरूळला राहायला आली आणि मला ताजे गिऱ्हाईक मिळाले.

वय वर्षे दहा. ‘मोठेपणी कोण होणार?’ हा तमाम आजोबांचा हक्काचा प्रश्न मी टाकला.

“कोणीही. पण शास्त्रज्ञ नाही. त्यांना केस विंचरायला वेळ नसतो,” ती म्हणाली.

चौकशीअंती कळले, की चित्रे पाहून शास्त्रज्ञ म्हणजे पिंजारलेले केस आणि झुपकेदार मिशा, अशी तिची समजूत झाली होती. केसांचे एक वेळ जमले असते. पण मिशा आपल्याला येणार नाहीत, हे तिला पक्के ठाऊक होते!

यावर व्याख्यान द्यावे, असे फार मनात आले. पण व्याख्यानाने मुले पळतात, खेळाने बसतात. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असत. सापशिडीने मोक्षाची वाट दाखवता येते, तर प्रयोगशाळेची का नाही? मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मी शंभर घरे आखली.

शिड्या भराभर उभ्या राहिल्या. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, मानववंशशास्त्राच्या इरावती कर्वे, हवामानाची उपकरणे घडवणाऱ्या अ‍ॅना मणी. सर्वांत लांब शिडी मी कमला सोहोनींना दिली. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर सी. व्ही. रामन. मुलींना घेत नाही, म्हणून त्यांनी अर्ज नाकारला. कमलाबाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. अखेर वर्षभराच्या उमेदवारीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला. १९३९ साली कमलाबाई केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. मायदेशी परतल्यावर नीरेतल्या पोषणद्रव्यांवर त्यांनी संशोधन केले.

नात डोळे मोठे करून ऐकत होती. मग तिने माझे साप तपासले : आळस, परीक्षेची भीती, अंधश्रद्धा.

“आजोबा, हे तर मुलांनाही चावतात. मुलींचे साप कुठे आहेत?”

मला उत्तर सुचेना. सौभाग्यवती चकल्या पाडत बसल्या होत्या. सोऱ्या न थांबवता त्या म्हणाल्या, “ब्याऐंशीवर एक काढ. चांगला लांब. थेट तिसऱ्या घरापर्यंत.”

“नाव काय त्याचं?”

“‘पुढच्या वर्षी बघू.’”

माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

सौ. रसायनशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेल्या. लग्नानंतर, १९७९ साली, आम्ही वाशीत बिऱ्हाड केले. त्यांना एम.एस्सी. करायचे होते. खाडीवर पूल होता, पण रेल्वे नव्हती. बसने मुंबई गाठायची, तर दिवस त्यातच जायचा. मी म्हटले, ‘पुढच्या वर्षी बघू.’ मग मुले झाली. ती शाळेत जाऊ लागली की बघू. रेल्वे सुरू झाली की बघू. वाशीला रेल्वे आली १९९२ साली. तोवर बघायचे कोणी बोलेनासेच झाले होते.

मी ‘नाही’ असे एकदाही म्हटले नव्हते, याचा मला इतकी वर्षे अभिमान होता. त्या दिवशी पुठ्ठ्यापुढे बसल्यावर उमगले, की रामन यांनी निदान ‘नाही’ म्हटले होते. ‘नाही’शी भांडता येते. ‘बघू’शी कोणी कसे भांडावे?

मी मुकाट्याने साप काढला. तो बराच लांब झाला. नातीने मात्र त्यावर एक नियम केला : तिथे सोंगटी आली, की ‘पुढच्या वर्षी नाही, आत्ता!’ असे ओरडायचे. ओरडले, की साप चावत नाही.

रात्री तिघे खेळायला बसलो. सौ.ची सोंगटी नेमकी ब्याऐंशीवर पोचली. त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की शेजाऱ्यांनी दार उघडून काय झाले म्हणून विचारले. नात हसून लोळली. मी फासा शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकलो, तो जरा उशिरानेच वर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आजी-नातीचा प्रयोग चालला होता. हळदीच्या पाण्यात चुना घातला, की लाल. लिंबू पिळले, की पुन्हा पिवळे. “असं का होतं?” “पुन्हा कर बघू!” चहा मागायची माझी हिंमत झाली नाही.

अकरा वाजले, तरी दोघींचेही केस विंचरायचे राहिले होते.