आदत

आमच्या लष्करी हिंदीत 'आदत' हा शब्द कुठेही चालतो. पहाटे चारला उठायची आदत, चहाची आदत, रमची आदत. मराठीत निदान 'सवय' आणि 'व्यसन' असे दोन शब्द आहेत. बराकीत दोन्हींसाठी एकच. त्यामुळे "साब, इस गोली की आदत पड़ जाएगी" असं एखादा जवान म्हणतो, तेव्हा त्याला नेमकी कशाची भीती वाटते, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांच्या बाबतीत हा गोंधळ किती महाग पडतो, ते मी अंबाल्याला असताना जवळून पाहिलं.

पलटणीत एक गढवाली हवालदार होता. कोत सांभाळायचा, एकेका रायफलचा नंबर तोंडपाठ. काश्मीरहून आम्ही पीस स्टेशनला आलो आणि काही महिन्यांत त्याची झोप बिघडली. रात्री डोळा लागायचा, पण तीनला जाग आली की पुन्हा झोप नाही. जेवण कमी झालं, घरी फोन करणं थांबलं. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये नैराश्याचं निदान झालं, एस्सिटालोप्राम सुरू झालं आणि मेडिकल कॅटेगरी खाली आली. आमच्या 'शेप' पद्धतीतलं पहिलं अक्षर 'एस', म्हणजे मनाचं. त्यात खाली आलेल्या माणसाच्या हाती हत्यार देत नाहीत. कोतची किल्ली गेली, मेसच्या स्टोअरचं काम आलं. गोळ्यांनी माणूस हळूहळू सावरला, पुन्हा जेवू लागला, पहाटेपर्यंत झोपू लागला. ती किल्ली मात्र त्याच्या डोक्यातून गेली नाही.

पाच महिन्यांनी पुढचा बोर्ड जवळ आला, तेव्हा त्याने कुणाला न सांगता गोळी बंद केली. आपण गोळीशिवाय राहू शकतो, हे त्याला बोर्डापुढे दाखवायचं होतं. तिसऱ्या दिवशी चक्कर आणि मळमळ सुरू झाली. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. क्षुल्लक गोष्टीवरून तो पोरांवर ओरडू लागला. रात्री झोप नाही. लागलीच तर भलती स्वप्नं. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "देखिए साब, आदत पड़ ही गई." त्याच्या सुभेदार साहेबांचं मत वेगळं होतं: आजार उलटला.

आमची आरएमओ, एक तरुण कॅप्टन, तिने दोन्ही मतं खोडून काढली. आजार उलटायला सहसा काही आठवडे लागतात आणि नैराश्यात असे करंट बसत नाहीत. गोळी सोडल्यावर दोन-चार दिवसांत सुरू होणारा हा त्रास औषध एकदम तोडल्याचा होता. ही गोळी मेंदूतलं सेरोटोनिन जास्त वेळ टिकवते. मेंदू काही आठवड्यांत त्याच्याशी जुळवून घेतो. मग तो आधार एका दिवसात काढून घेतला, तर पुन्हा जुळवून घ्यायला त्याला वेळ लागतो. हृदयासाठी दिलेली बीटा ब्लॉकरची गोळी एकदम थांबवली तरी त्रास होतो, पण त्या रुग्णाला कुणी व्यसनी म्हणत नाही.

मग तिने हवालदाराला तीन प्रश्न विचारले. गोळी घ्यायची अनावर तलफ येते का? सांगितल्यापेक्षा जास्त घेतली जाते का? ती मिळावी म्हणून खोटं बोलता, पैसे उडवता, ड्युटी चुकवता का? तिन्हींचं उत्तर 'नाही'. उलट हा माणूस गोळीपासून पळत होता. व्यसनी माणूस त्याच्या वस्तूच्या मागे पळतो, नुकसान दिसत असूनही पळतो. फरक तिथे आहे.

हा गोंधळ केवळ आपल्या बराकींतला नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानाचं पुस्तक सुधारलं, तेव्हा व्यसनाच्या निदानाच्या नावातून 'डिपेंडन्स' हा शब्दच काढला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेताना शरीराला सराव झाला आणि सोडताना त्रास झाला, एवढ्यावरून व्यसन ठरवायचं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

म्हणून सोडताना होणारा त्रास खोटा ठरत नाही. काहींना तो दोन आठवडे होतो, काहींना कितीतरी जास्त. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारख्या गोळ्या सोडणं अधिक जड जातं. फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश जातं, म्हणून तुलनेने सोपं. आमच्या हवालदाराची गोळी पुन्हा सुरू झाली आणि काही दिवसांत त्रास ओसरला. कॅटेगरी त्या बोर्डात वर आली नाही. पुढे डॉक्टरांनीच काही महिन्यांत डोस थोडाथोडा उतरवत गोळी बंद केली. तेव्हाही चक्कर आली, पण ती का येते हे आता त्याला माहीत होतं.

सैनिक संमेलनात आरएमओने हा विषय कुणाचंही नाव न घेता मांडला. झोपेसाठी केमिस्टकडून परस्पर आणलेल्या अल्प्राझोलामबद्दलही ती बोलली. ते वेगळं प्रकरण आहे: त्याचा सराव लवकर होतो, डोस वाढवावासा वाटतो, व्यसन लागू शकतं आणि दारूबरोबर घेतलं तर श्वास मंदावतो. पुण्याच्या एएफएमसीत २०२३ च्या डिसेंबरपासून सैन्यदलांसाठी टेली मानसचा खास कक्ष आहे आणि टेली मानसचा नंबर १४४१६, हेही तिने फळ्यावर लिहिलं.

शेवटी मागच्या रांगेतून एक जवान उठला. "मॅडम, और रम?" हशा पिकला. ती हसली नाही. दोन पेगांनी झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते, आणि मोडली की माणूस तिसरा पेग शोधतो, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "तेच तीन प्रश्न रमला लावून बघा. उत्तर मला नको, स्वतःला द्या."

त्या आठवड्यात एमआय रूममध्ये दोघं जण आपणहून तिला भेटायला गेले. कशासाठी, ते मी विचारलं नाही.