तांबडी छत्री

मूडबिद्रीला जाऊन येते, असं घरात सांगून मी निघाले. ते खोटं नव्हतं. आम्हा जैनांची ती दक्षिणेतली काशी. आमच्या गल्लीतून दरवर्षी कुणी ना कुणी जातंच. १४३० सालच्या त्या हजार खांबांच्या बसदीत चंद्रप्रभ भगवंतांसमोर मी बराच वेळ बसले. पण खरं सांगायचं तर अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. तिथून तीसेक किलोमीटरवर समुद्रकाठी मुल्की आहे आणि मुल्कीत माझी लेक राहते. तिला घरी न्यायला मी आले होते.

गेल्या वर्षी तिचं जमलेलं लग्न मोडलं. का, कसं, कुणाचं चुकलं, ते सगळं सांगून झालं, आता इथं परत नको. त्यानंतर ती बेंगळूरला काही दिवस नुसती भिंतीकडे बघत बसायची. मग एक दिवस फोन आला की, नोकरी घरून करायची सोय झालीय, मी मुल्कीला खोली घेतलीय आणि सर्फिंग शिकतेय. यांनी फोन माझ्या हातात दिला आणि अंगणात निघून गेले. आत्तींनी (आमच्याकडे सासूबाईंना आत्ती म्हणतात) दोनदा विचारून घेतलं, सर्फिंग म्हणजे काय ते. फळीवर उभं राहून लाटेवरून यायचं म्हटल्यावर म्हणाल्या, "पाण्याच्या एका थेंबात जीव किती, आणि ही पोर त्यात नाचतीया?" आमच्या घरात आजही पिण्याचं पाणी फडक्यातून गाळून घेतात. आत्तींना मी काय उत्तर देणार!

त्यात वन्संनी सांगलीचं एक स्थळ आणलं. चांगली माणसं. मागचं सगळं त्यांना माहीत होतं, तरी तयार होती. फक्त मुलगी घरी हवी, पुढच्या रविवारपर्यंत कळवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

मुल्कीत सर्फिंग आलं कुठून, याचं मला आश्चर्य वाटायचं. तर एका अमेरिकन वैष्णव संन्याशाने २००४ मध्ये तिथे देशातला पहिला सर्फ क्लब सुरू केला. आता त्या किनाऱ्यावर शिकवणारे बरेच आहेत. लेकीला शिकवणारा मुलगा तिथल्याच मासेमारी करणाऱ्या घरातला. घरी तुळू, माझ्याशी कानडी. पहिल्या भेटीतच मला "अम्मा" म्हणाला, त्यामुळे त्याच्यावर रागवायची सोय राहिली नाही.

मे महिन्याचा शेवट होता. एक जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर ६१ दिवस मासेमारी बंद असते, म्हणून होड्या वर ओढायचं काम चाललं होतं, जाळी गुंडाळून ठेवली होती. पाऊस यायचा होता, पण समुद्राला तो आधीच कळलेला. वाऱ्याने पाणी खवळलेलं, लाटा एकीकडून एक, दुसरीकडून दुसरी. मी म्हटलं, आज काही ही मंडळी आत जायची नाहीत. आणि खरंच, फळ्या वाळूत ठेवून ती दोघं नुसती बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चांगली वीस मिनिटं गेली तरी कुणी हलेना. मला बरं वाटलं. वाटलं, घाबरली असतील.

घाबरली नव्हती, बघत होती. आत जाण्याआधी एवढं बघायचंच, असा त्या मुलाचा नियम. काय बघायचं, ते त्याने मलाही शेजारी बसवून दाखवलं. लाटा एकसारख्या येत नाहीत. चार-पाच मोठ्या लाटांचा जथा येतो, त्याला ते सेट म्हणतात, मग बराच वेळ बारीकसारीक लाटा, मग परत जथा. सातवी लाट मोठी, असं मी लहानपणी गोव्याच्या मावशीकडून ऐकलं होतं. मी मोजायला लागले, तर तो हसला. "सातवीच असं काही नसतं अम्मा. आज किती आणि किती वेळाने, ते आजच बघावं लागतं."

मग लाट फुटते कुठे, ते बघायचं. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाटेचा पाय अडखळतो आणि डोकं पुढे कोसळतं. तिथे नदी समुद्राला मिळते. नदीने आणलेल्या रेतीची दांडी पाण्याखाली तयार होते आणि दर पावसाळ्यात ती सरकते. म्हणजे गेल्या वर्षीची जागा यंदा तशीच असेल असं नाही. दांडीवर लाट आधी जिथे फुटायला लागते, त्या टोकाच्या शेजारी थांबायचं. आणि दोन दांड्यांच्या मध्ये एक पट्टा असतो, जरा गडद, तिथे लाटा फुटत नाहीत. मी म्हटलं, हीच जागा बरी दिसतेय, शांत. तो मुलगा एकदम गंभीर झाला. सहलीला आलेली माणसं तिथेच बुडतात म्हणाला. किनाऱ्यावर येऊन साचलेलं पाणी त्या वाटेने परत आत ओढलं जातं. सापडलंच कुणी त्यात, तर समोर किनाऱ्याकडे झटायचं नाही, दमून जीव जातो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं. आणि हीच ओढ सर्फिंग करणाऱ्यांना आत जायला रस्ता म्हणून उपयोगी पडते.

हे सगळं ऐकूनही मी लेकीला आयांनी म्हणायचं तेच म्हटलं. "जास्त आत जाऊ नको. काठाजवळच राहा."

ती म्हणाली, "आई, काठाजवळच तर मार बसतो."

पटलं नाही मला. गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले. पहिल्या लाटेला टिकले. दुसरीने पाय काढून घेतले आणि तिसरी अंगावर येऊन मी साडीसकट वाळूत बसले. तोंडात, केसांत रेती. लेक एवढी हसली की कित्येक महिन्यांत तिला तशी हसताना मी पाहिलं नव्हतं. मग मला उठवत तिने समजावलं. लाट फुटून फेस होऊन जिथे धावते, तिथे उभं राहिलं तर एकामागून एक सगळ्या अंगावर घ्याव्या लागतात. फार पुढे, खोल पाण्यात बसलं तर लाट पोटाखालून निघून जाते, ना धड धक्का ना धड वेग, दिवसभर बसून राहिलं तरी काही हाती लागत नाही. या दोहोंच्या मध्ये एक चिंचोळी जागा असते. तिथे असलं की लाट मागून उचलायला लागते. तेव्हाच फळी वळवून हातांनी पाणी मारत तिच्या वेगाला यायचं. दोन हात इकडेतिकडे झालं तर गेली.

"आई, ऑलिंपिकमधला तो फोटो आठवतो? फळीसकट हवेत उभा असलेला?" २०२४ मध्ये ताहितीत झालेल्या स्पर्धेतला, ब्राझीलच्या मेदिनाचा. आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवरही तो फिरला होता. "सगळ्यांनी तो उडालेला बघितला. त्याआधी तो कुठे थांबला होता, ते कुणी विचारत नाही."

आणि थांबायचं म्हणजे स्थिर बसायचं, असंही नाही. पाण्याची ओढ किनाऱ्याच्या बाजूबाजूने सरकवत राहते. आपल्याला वाटतं आपण जागेवरच आहोत आणि तोवर शंभर पावलं वाहून गेलेलो असतो. म्हणून काठावरच्या दोन खुणा धरायच्या, एक जवळची, एक लांबची. त्या एकावर एक दिसतात तोवर जागा बरोबर. वेगळ्या व्हायला लागल्या की हात मारत परत यायचं. त्या मुलाने तिला लांबची खूण पाण्याची टाकी दिली होती आणि जवळची एक वाकडा माड. पण माड तिथे पन्नास. ती म्हणाली, "आई, तुझी तांबडी छत्री लगेच दिसते. तू या माडाखालीच बस, हलू नको. तुला आणि टाकीला एका रेषेत धरते."

मला तर ते फारच आवडलं. बसले.

दोघं त्या गडद पट्ट्यातून आत गेली. थोड्या वेळाने त्यांची नुसती डोकी दिसत होती, तीही मधून मधून. तिच्या अंगात निळा शर्ट होता. पाण्याचा रंग तसाच. लाट वर आली की ती दिसेनाशी व्हायची आणि माझा श्वास अडकायचा. हळूहळू ती उजव्या हाताला सरकतेय असं मला वाटलं. मध्ये एक ओढलेली होडी आली, तिच्यामागे ती दिसेना. मी उठले. होडीच्या पलीकडे गेले, दिसली. आणखी सरकली, मीही सरकले. काठाकाठाने, छत्री घेऊन, तिच्या बरोबरीने. तिला एकटीला कसं सोडायचं, एवढंच डोक्यात.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

तिकडून तिला छत्री आणि टाकी एका रेषेतच दिसत होती. वाहत वाहत ती दांडीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, जिथे लाट एका बाजूने हळूहळू न फुटता आख्खी एकदम कोसळते, आणि आपण जागेवर आहोत अशा खात्रीने तिथे बसून राहिली. तो मुलगा ओरडत होता, पण वाऱ्यात ऐकू जाईना. तेवढ्यात जथा आला. पहिली लाट तिच्यापुढे फुटली. ती फेसात गेली. फळी उभी होऊन वर उडालेली दिसली, ती दिसली नाही. दुसरी आली. मी णमोकार म्हणत होते की नुसती ओरडत होते, आठवत नाही. तिसऱ्या लाटेनंतर डोकं वर आलं. चौथीने तिला काठाकडे ढकललं. तो मुलगा पोचला, आणि दोघं फळीला धरून आली.

ओठ फुटला होता, नडगी सोलवटली होती. बाकी काही नाही. ती खोकून खोकून वाळूत बसली. मी पदराने रक्त टिपत होते आणि तोंडाने तिलाच बोलत होते. मुलगा शांत होईपर्यंत थांबला, मग हळूच म्हणाला, "अम्मा, छत्री का हलवली?"

लेक मध्ये पडली. चूक माझीच म्हणाली, माणसाला खूण धरायचं नसतं, हे यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या दिवशी आम्ही दिवस मावळायच्या आत जेवलो. तीही अजून पाळते, हे मला माहीत नव्हतं. सॅक भरू का, असं मी विचारणार होते. त्याआधी तीच म्हणाली, "उद्या पहाटे वारा पडलेला असेल. उद्या जायचंय मला." मी काही बोलले नाही. ओठ सुजलेला, धड घास चावता येत नव्हता, आणि उद्या जायचंय. रात्री कुशीवर वळले तरी डोळ्यांपुढे ती उभी फळीच. तिच्या बारावीला मी परीक्षेच्या केंद्रापर्यंत गेले होते, नोकरीच्या मुलाखतीला बेंगळूरपर्यंत, आणि ते लग्न मोडलं तेव्हा बोलणी करायलाही तिच्या आधी मीच पुढे. हे सगळं रात्री एक वाजता का आठवावं?

सकाळी वारा खरंच पडला होता. लाटा मोठ्याच, पण आता ओळीने येत होत्या. मी माडाखाली छत्रीचा दांडा वाळूत रोवला, वर ओली रेती थापली आणि दोन्ही हातांनी धरून बसले. त्या मुलाने लेकीला आज माडच दाखवला, खोडाला पांढरी पिशवी बांधून. तरीही तू बस, म्हणाली. "तू दिसलीस की बरं वाटतं. फक्त बस."

सामायिकाला ४८ मिनिटं बसायची मला सवय आहे. घरात शिट्टी झाली, दार वाजलं, तरी उठत नाही. मनात म्हटलं, तेवढी घेऊ. पहिल्या दहा मिनिटांतच तीनदा उठावंसं वाटलं. ती होडी आडवी येत होतीच. होडीमागे ती गेली की मी मोजायची, एक, दोन, तीन. परत अलीकडे आली की सोडायची. ती आज येत होती. हात मारत मारत परत माडासमोर येत होती. एक जथा आला, तिने पहिली लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. तिसरीलाही वळून नुसतं बघितलं. मला वाटलं, भ्यायली. चौथीला तिने फळी फिरवली.

उभी राहिली. फार तर आठ-दहा सेकंद असेल. गुडघे वाकवून, हात पसरून, सुजलेला ओठ इथूनही दिसल्यासारखा वाटला. मग पडली, वर आली आणि काठाकडे न बघता परत त्या गडद पट्ट्याकडे निघाली.

पर्समध्ये फोन वाजत होता. वन्संचा असणार, शनिवार होता. छत्री सोडली असती तर गेली असती वाऱ्याने. थोडा परत सुटला होता. वाजून वाजून थांबला. मग परत वाजायला लागला.