तबकावरचं नाव

घरी पाहुणे आले की आई स्वयंपाकघरातून हाक मारते, "अरे, तो ट्रे आण बरं जरा!" मग तुम्ही ओट्याच्या फटीतून प्लॅस्टिकचा ट्रे ओढून काढता. त्यावर गुलाबाची फुलं नाहीतर डोंगरामागचा सूर्य छापलेला असतो. चहा सांडला की पुसायचा, चीर गेली की टाकून द्यायचा. एवढंच त्या ट्रेचं आयुष्य!

पण भंडाऱ्याला माझ्या आईकडे ट्रे नाही, तबक आहे. पितळेचं. आठ पाकळ्यांच्या कडेचं, मधोमध कमळ असलेलं, तीन छोट्या पायांवर उभं राहणारं. ही गोष्ट त्या तबकाची.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी दोन भाचरं पुण्याहून नागपूरला माझ्याकडे आली. थोरला आठवीत, धाकटी पाचवीत. तिघं मिळून आम्ही भंडाऱ्याच्या एस.टी.त बसलो. नागपूर ते भंडारा अंतर साधारण साठ किलोमीटर. मौदा आलं, कन्हान नदीचा पूल गेला आणि दोन्ही बाजूंना धानाची शेतं लागली. आमच्याकडे भाताला 'धान' म्हणतात बरं का! दिवाळीत हे धान पिकून पिवळंधमक झालेलं असतं. मधूनच एखादं मोठं तळं चमकून जातं.

"हा मामा तलाव," मी म्हटलं.

"कुणाचा मामा?" धाकटीनं लगेच विचारलं.

मामा कुणाचाच नाही! जुन्या काळी मालगुजारांच्या ताब्यात असलेले हे तलाव. मालगुजारी गेली, तशी सरकारी कागदांत 'माजी मालगुजारी तलाव' अशी नोंद झाली. 'माजी'चा मा आणि 'मालगुजारी'चा मा, झाला मामा! भंडारा आणि शेजारचा गोंदिया हे तर तलावांचेच जिल्हे. १९९९ सालापर्यंत दोन्ही मिळून एकच जिल्हा होता.

घरी पोचलो. पोह्यांच्या बश्या आल्या त्या एका स्टीलच्या ताटातून. मी आईला विचारलं, "तबक कुठंय?"

आई काही बोलली नाही. जेवणं झाल्यावर तिनं माळ्यावरून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक गाठोडं काढायला लावलं. आत तबक होतं. पण कसलं तबक! काळंहिरवं पडलेलं, एका बाजूनं चेपलेलं, एक कान तुटलेला. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला, तेव्हा भंडाऱ्याच्या सखल भागात घराघरांत पाणी शिरलं होतं. आमच्याही घरात कमरेइतकं आलं. कपाट आडवं झालं, ते नेमकं या तबकावर. पाणी उतरल्यावर गादी, पुस्तकं, लाकडी पाट, सगळं टाकावं लागलं. तबक मात्र चिखलातून निघालं.

"मोडीत घालायचं म्हणून दोनदा बाहेर काढलं," आई म्हणाली, "आणि दोनदा परत ठेवलं."

मोड म्हणजे काय, माहीत आहे ना? जुनं भांडं दुकानात द्यायचं, त्याच्या वजनाचे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करून घ्यायचे. जुनं भांडं मग भट्टीत जातं, वितळतं आणि त्याचा नवा पत्रा होतो. पितळेचं हेच मोठेपण की ते वाया जात नाही. मग आईनं ते का दिलं नाही?

तिनं तबक उजेडात धरलं. काठाच्या आतल्या अंगाला, चेपलेल्या भागाशी अगदी लागून, टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं होती. माझ्या आजीचं नाव आणि खाली १९५८. आईच्या लग्नात तिच्या आईनं हे तबक दिलं होतं. भांडं देताना देणाऱ्याचं नाव घालायची आपल्याकडे पद्धतच आहे. तुमच्या घरातल्या जुन्या तांब्यावर, परातीवर बघा, सापडेल एखादं नाव.

"माझ्या आईचा फोटो नाही," आई मुलांना म्हणाली. "तिला लिहिता येत नव्हतं. तिचं नाव लिहिलेलं असं एवढंच आहे घरात."

थोरला इतका वेळ मोबाइलवर काहीतरी पाहत होता. त्यानं मोबाइल ठेवला. "मावशी, हे दुरुस्त होईल?"

"दुसरीकडे कुठं होणार नसेल, पण इथं होईल," मी म्हटलं. "हे भंडारा आहे!"

असं मी उगीच म्हटलं नाही. भंडाऱ्याला पितळेचं शहर म्हणतात. पितळी भांड्यांचा धंदा इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. गावाच्या नावाचा संबंधही लोक भांड्याशीच लावतात. छत्तीसगडमधल्या रतनपूरच्या, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या एका शिलालेखात 'भानारा' असं नाव येतं, ते म्हणजे हेच गाव असं मानतात. आणि 'भाणं' म्हणजे ताट, पितळेचं भांडं. भाण्यांचं गाव ते भंडारा, असं इथली म्हातारी माणसं सांगतात.

नावांची गंमत इथंच संपत नाही. 'तबक' हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. 'परात' पोर्तुगीज भाषेतून आली असं सांगतात. 'ट्रे' इंग्रजी. आणि पुण्याची माणसं ज्याला पातेलं म्हणतात, त्याला आम्ही म्हणतो गंज! धाकटीनं आजीच्या घरात "गंज कुठं चढलाय?" म्हणून सगळी भांडी तपासली, तेव्हा आजीला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी तबक पिशवीत घालून निघालो. पहिल्या दुकानात काट्यावर वजन झालं. दुकानदार म्हणाले, "दुरुस्ती कायले करता? मोडीत द्या, नवा ट्रे घेऊन जा." मांडणीवर तऱ्हेतऱ्हेचे ट्रे होते. गोल, लांबट, षट्‌कोनी, कुणाला जाळीचा काठ, कुणावर मोर. छान होते. धाकटीला मोराचा आवडलाही. तिनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि हळूच म्हणाली, "पण यावर कुणाचं नाव नाहीये." आम्ही पिशवी उचलली.

विचारत विचारत एका गल्लीत गेलो. ठोक ठोक आवाज येत होता, म्हणून पत्ता शोधायला लागला नाही. स्टील आलं, मग प्लॅस्टिक आलं, आणि पितळेचं काम पूर्वीइतकं राहिलं नाही. पण आवाज अगदीच थांबलेला नाही. आत एक आजोबा मांडी घालून बसले होते. त्यांनी तबक घेतलं, उलटं केलं, नखानं वाजवलं. टणण्‌! कान देऊन ऐकलं.

"तडा नाही जी," ते म्हणाले. "तडा असता तर आवाज फुटका आला असता. होते दुरुस्त. पण हे नाव पाहिलं का? पोचा नावाच्या खाली गेला आहे. पुरा सिधा करतो म्हटलं तर नावावर हातोडा बसन. नाव मिटून जाईन."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तबक हवं की नाव हवं, असा प्रश्न आला होता.

"नाव ठेवा," थोरला म्हणाला. मग आमच्याकडे वळून, "ठेवायचं ना?"

आईला फोन लावला. ती म्हणाली, "पोचा राहू दे. पुराची आठवण."

मग आजोबांनी काम सुरू केलं आणि आम्हाला घरबसल्या कधी कळलं नसतं असं खूप काही कळलं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. पत्र्याच्या पितळेत दहा भागांतले साधारण सात भाग तांबं आणि तीन भाग जस्त. ऐकायला सोपं, करायला अवघड! तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला आणि जस्त ९०७ अंशालाच उकळून वाफ व्हायला लागतं. म्हणजे तांबं पातळ होईपर्यंत जस्त उडून जायचं! म्हणून तांबं आधी वितळवतात आणि जस्त मागाहून सोडतात. निव्वळ जस्त मिळवणं तर त्याहून कठीण. राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथं शेकडो वर्षांपूर्वी आपल्या कारागिरांनी मातीच्या मुशीतून जस्ताची वाफ खाली उतरवून थंड करायची युक्ती शोधली होती.

आजोबांनी तबक आचेवर धरलं. ते मंद लालसर झालं, तसं सरळ पाण्यात बुडवलं. चर्रर्र!

"आता कडक झालं ना?" थोरल्यानं विचारलं. त्यानं तलवार अशी पाण्यात बुडवताना पाहिलं होतं.

"ते लोखंडाचं," आजोबा हसले. "पोलाद असं बुडवलं का कडक होते. पितळ तपवलं का नरम होते, मग पाण्यात टाका नाहीतर हवेत ठेवा. आन्‌ ठोकलं का कडक होते. थंड्यातच ठोकत राहिलं तर फाटते. म्हणून ठोकायचं, तपवायचं, पुन्हा ठोकायचं."

लोखंडी हातोडा त्यांनी घेतलाच नाही. तबक लाकडाच्या ठोकळ्यावर पालथं घातलं आणि लाकडी मोगरीनं हलके हलके ठोके दिले. नावापासून दोन बोटं दूर थांबले. मग पुन्हा आच, पुन्हा ठोके. पोचा हळूहळू सपाट होत नावाच्या दिशेनं सरकला आणि तिथं एक उथळ वळण म्हणून राहिला.

काठ दाखवत त्यांनी विचारलं, "हा जाड का? सांगा पाहू!" पत्रा तर पातळ होता. उत्तर असं, की काठाच्या आत तार असते आणि पत्रा तिच्यावरून दुमडलेला असतो. त्यामुळे काठ हाताला कापत नाही आणि तबक वाकत नाही. मधलं उठावाचं कमळही नुसती शोभा नाही. सपाट कागद धरला तर लोंबतो, घडी घातलेला कागद ताठ राहतो. तसंच उठाव आला की पत्र्याला बळ येतं. काठ वर उचललेला, म्हणजे पेले घसरत नाहीत. आणि पाय तीनच, कारण तीन पायांची वस्तू उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही. चार पायांचं टेबल डुगडुगतं, तेव्हा तुम्ही त्याखाली कागदाची घडी घालता की नाही?

"मग नक्षी आधी सुचते की उपयोग?" धाकटीनं विचारलं.

आजोबांनी उत्तर दिलं नाही. जमिनीवर कोळशानं एक वर्तुळ काढलं. मधून एक रेघ, तिला छेदणारी दुसरी, मग दोन तिरप्या. आठ भाग. प्रत्येक भागाला बाहेरून एक कमान. झाली आमच्या तबकाची कड! "सहा पाकळ्या पाहिजेत तर कर्कटक घ्या," ते म्हणाले. "ज्या मापानं वर्तुळ काढलं तेच माप गोलावर फिरवत न्या. बरोबर सहा वेळा बसते." थोरला चकित झाला. हेच त्याच्या भूमितीच्या पुस्तकात होतं!

तुटलेल्या कानाच्या जागी जुन्या पितळेचाच कान लागला, दोन पितळी खिळे ठोकून. मजुरी विचारली तर आजोबांनी सांगितलेला आकडा इतका लहान होता, की मला संकोच वाटला. मी थोडे जास्त दिले. त्यांनी ते परत केले आणि म्हणाले, "पोरांना पुन्हा घेऊन या जी. पाहाले कोणी येत नाही."

घरी आजीनं चिंच भिजवून ठेवलीच होती. चिंच आणि बारीक चाळलेली राख घेऊन दोघं बसली घासायला. चिंचेतल्या आम्लात पितळेवरचा काळा थर विरघळतो. मग लगेच धुऊन कोरडं पुसायचं, नाहीतर पुन्हा डाग पडतात. याच कारणानं कल्हई नसलेल्या पितळेत ताक, कढी असं आंबट ठेवत नाहीत. ते कळकतं आणि पोटाला बाधतं. तबकात पेले, बश्या, फळं, पानसुपारी खुशाल ठेवावी.

तबक उजळलं. सोन्यासारखं नाही, पितळेसारखंच, जरा ऊबदार पिवळं. आईनं ते मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि काठावरून बोट फिरवत नेलं. पोच्याचं वळण लागलं, तिथं बोट थांबलं. त्याच्या पुढच्या टिंबांवर आलं.

"आहे," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. चहा तबकातून गेला. धाकटीनं दोन्ही कान घट्ट धरले होते आणि पावलं मोजत चालली होती. काकूंनी पेला उचलला, अक्षरं दिसली आणि त्यांनी विचारलं, "हे कोणाचं नाव?"

मग आईनं आपल्या आईबद्दल सांगायला सुरुवात केली. त्यातलं बरंचसं मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

पुण्याला परतताना धाकटीच्या दप्तरात पुठ्ठ्याचं एक तबक होतं. आठ पाकळ्यांचं, तीन बाटल्यांच्या झाकणांच्या पायांवर उभं, आणि कडेला सुईनं टोचून टिंबाटिंबांनी काढलेलं आजीचं नाव. तुम्हीही करून बघा. पण त्याआधी घरातली जुनी भांडी उजेडात धरून वाचा. आणि नाव सापडलं, तर ते कुणाचं हे घरात विचारायला विसरू नका.