ताईचा ब्लॉक

ताई कापूस वेचून आली की उजव्या बरगडीखाली हात दाबून बसायची. मंठ्यात पित्ताच्या गोळ्या झाल्या. शेवटी जालन्याला सोनोग्राफी केली, तर यकृतभर गाठी निघाल्या. सीटी स्कॅन बघून एका डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "कॅन्सर दुसरीकडून पसरलाय. घरी न्या, काय खावंसं वाटतं ते खाऊ द्या."

पण मूळ कुठं होतं? जठर, आतडं, स्तन, गर्भाशय, सगळं तपासलं. कुठंच काही नाही. आणि ताई तर धडधाकट. कावीळ नाही, वजन घटलेलं नाही. सुईनं तुकडा काढला, तर रिपोर्टात 'अडेनोकार्सिनोमाची', म्हणजे ग्रंथींच्या पेशींतून होणाऱ्या कॅन्सरची, 'शक्यता'. नात्यातली एक नर्स म्हणाली, "दादा, दुसरीकडं दाखवायचं तर नुसता कागद नका नेऊ. ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या."

ब्लॉक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. प्लास्टिकच्या जाळीदार डबीवर मेणाचा चौकोन, आत सुईनं काढलेला तो तुकडा, शेवईच्या तुकड्याएवढी पांढुरकी काडी, कडेला पेन्सिलीनं नंबर. रुमालात गुंडाळून परतूरहून रेल्वेनं परळला, टाटा हॉस्पिटलात नेला.

तिथं त्याच काडीचे नवे पातळ काप घेऊन सीडी३१, सीडी३४, ईआरजी अशी रसायनं लावली. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी ओळखणारी ही रसायनं, तिन्ही उमटली. पुढं कॅमटा१ही उमटलं आणि शंका मिटली. एपिथेलिऑइड हिमँजिओएंडोथेलिओमा, म्हणजे रक्तवाहिनीच्या अस्तरातून उठणारी गाठ. दहा लाखांत एखाद्याला होणारी. यकृतात अशी गाठ असलेल्या ३२ रुग्णांची पहिली मोठी नोंद १९८४ मध्ये छापली गेली. डॉक्टरांनी जुन्याच स्कॅनवर बोट ठेवून दाखवलं: गाठी यकृताच्या कडेला, आणि त्यांच्यावरचं आवरण आत ओढलेलं. ही खूण आधीपासून तिथंच होती.

हा आजार साधा नाही. काहींत तो वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, काहींत झपाट्यानं वाढतो. गाठी मोजक्या असतील तर कापून काढतात, पसरलेल्या असतील तर यकृत प्रत्यारोपणाचाही विचार होतो. ताईच्या गाठी वाढत नाहीत म्हणून सध्या औषध नाही, ठरावीक काळानं स्कॅन तेवढा होतो. ती पुन्हा शेतात जाते.

माझी कळकळीची विनंती आहे. 'पसरलेला कॅन्सर' म्हणतात आणि मूळ सापडत नाही, असं तुमच्या घरी झालं तर माणसाला घरी न्यायच्या आधी ब्लॉक मागा. तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. यकृताच्या गाठी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तो पुन्हा तपासून घ्या.