टक-टक

रविवार. आठवडाभर बाबांच्या प्रीमिअर पद्मिनीच्या इंजिनातून येणारी टक-टक आज अखेर सापडली.

गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन. बेअरिंग गेलं असेल या धास्तीने मला झोप नव्हती. मिस्त्रीकाकांनी आधी फॅनबेल्ट काढून पाहिला, आवाज तसाच. मग एकेका प्लगची वायर काढली. बेअरिंगचा ठोका असता तर त्या सिलिंडरवरचा भार कमी होताच दबला असता. दबला नाही. शेवटी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवून त्यांनी मूठ कानाशी धरली. "नीट ऐक," म्हणाले. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो, म्हणून टॅपेटची टकटक निम्म्या वेगाने येते. तिसऱ्या सिलिंडरच्या टॅपेटचा लॉकनट सैल झाला होता. फीलर गेज घालून फट जुळवली, नट आवळला आणि इंजिन पुन्हा संथ लयीत बोलू लागलं.

बाबा गाडी सुरू केल्यावर मिनिटभर नुसते ऐकत बसायचे. का, ते आज कळलं. जुनं यंत्र आपलं दुखणं लपवत नाही. आपण थांबून कान द्यायला हवा.